संपर्क तुटला, तरी काम सुरू

मध्यवर्ती संगणकाशी असलेला शाखेचा संपर्क तुटला की काउंटरपुढे रांग वाढते, हा अनुभव ग्राहक आणि कर्मचारी या दोघांच्याही परिचयाचा आहे. दूरच्या केंद्रावर सर्वस्वी विसंबणाऱ्या व्यवस्थेची ही मर्यादा होय. माहिती जेथे निर्माण होते, तिच्या जवळच तिच्यावर प्रक्रिया करावी, हा त्यावरील एक उपाय. त्यालाच 'एज कॉम्प्युटिंग' म्हणतात.

परंतु ठिकठिकाणी विखुरलेल्या लहान संगणकांवर देखरेख कशी ठेवावी? त्यासाठी मुक्तस्रोत, म्हणजे संगणकीय संकेत सर्वांना खुले असलेल्या प्रणाली उपलब्ध आहेत. गूगलने २०१४ मध्ये 'क्युबरनेटीज' खुली केली. तिच्या पायावर उभारलेली 'क्युबएज' २०१९ मध्ये क्लाउड नेटिव्ह कॉम्प्युटिंग फाउंडेशनच्या छत्राखाली आली. तिची रचना मुख्यालय आणि शाखा यांच्यासारखी आहे. दूरच्या केंद्रातील, म्हणजेच क्लाउडमधील, भाग आदेश देतो. स्थानिक भाग त्यांची प्रत स्वतःजवळ जतन करतो. त्यामुळे संपर्क खंडित असताना संगणक बंद पडून पुन्हा सुरू झाला, तरी नेमून दिलेले काम पुढे चालते.

अर्थात, प्रत्येक काम असे सोपविता येत नाही. कॅमेऱ्याच्या चित्रणाची छाननी जागेवर होऊ शकते. खात्यातील शिल्लक मात्र एकाच अधिकृत नोंदीवरून ठरली पाहिजे. अन्यथा तीच रक्कम दोन ठिकाणी काढली जाण्याचा धोका संभवतो.

मुक्तस्रोत प्रणालीमुळे एकाच विक्रेत्यावर अवलंबून राहावे लागत नाही. तथापि, सुरक्षाविषयक सुधारणा वेळेवर करून घेण्याचे कर्तव्य वापरणाऱ्या संस्थेचेच असते. अधिकार शाखेला दिले, तरी मुख्यालयाची जबाबदारी संपत नाही.