लिलाव मांडला, पण बोली लावायला कुणीच आलं नाही!

ज्यांना ऐकण्याऐवजी वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतोय. विषय आहे, समुद्रातल्या पवनचक्क्या.

साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर तुम्ही पवनचक्क्यांसोबत सेल्फी काढला असेल. त्याच चक्क्या समुद्रात रोवायचं धाडस पहिल्यांदा केलं डेन्मार्कने. १९९१ साली विंडबी इथे ११ चक्क्या, सगळ्यांची मिळून क्षमता जेमतेम ५ मेगावॉट. आज इंग्लंडजवळच्या डॉगर बँकवर एकच चक्की १३ मेगावॉटची आहे! तिचं एक पातं १०७ मीटर. म्हणजे क्रिकेटच्या पाच खेळपट्ट्या एकापुढे एक मांडल्या तरी पातं थोडं उरतंच.

पण समुद्रातच का? एक तर तिथे डोंगर नाहीत, इमारती नाहीत, त्यामुळे वारा जोरदार आणि बराच एकसारखा. आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ऊर्जा आठपट होते, दुप्पट नाही. दुसरं म्हणजे वाहतूक. १०७ मीटरचं पातं ट्रेलरवर टाकून खंबाटकी घाटातून काढून दाखवा! जहाजाला वळणाची भीती नाही.

२०२४ च्या अखेरीस जगात समुद्री पवनऊर्जेची क्षमता सुमारे ८३ गिगावॉट झाली. त्यातली जवळपास निम्मी एकट्या चीनची. २०२१ मध्ये चीनने ब्रिटनला मागे टाकलं.

आता खरी गोष्ट ऐका.

ब्रिटनमध्ये सरकार लिलाव करतं. जी कंपनी कमी दरात वीज द्यायला तयार, तिला २०२४ च्या लिलावापर्यंत १५ वर्षांचा करार मिळायचा. बाजारभाव ठरलेल्या दराच्या खाली गेला तर फरक कंपनीला मिळतो, वर गेला तर कंपनीने जास्तीचे पैसे परत करायचे. २०२२ मध्ये हा दर इतका पडला की लोक थक्क झाले: एका मेगावॉट-अवरला, म्हणजे हजार युनिटना, ३७.३५ पौंड (२०१२ च्या किमतींच्या हिशेबाने).

आणि मग सगळं महागलं. स्टील, केबल, जहाजांचं भाडं आणि मुख्य म्हणजे कर्जावरचं व्याज. पवनचक्कीला इंधन लागत नाही, त्यामुळे जवळजवळ सगळा खर्च आधीच, तोही बराचसा कर्ज काढून. होम लोनचा दर वाढल्यावर घरात काय वातावरण असतं, आठवा. करारातला दर महागाईबरोबर वाढतो खरा, पण हा फटका त्याहून मोठा होता. जुलै २०२३ मध्ये व्हॅटनफॉल कंपनीने खर्च ४० टक्क्यांपर्यंत वाढल्याचं सांगून नॉरफोक बोरिअस प्रकल्प थांबवला. सप्टेंबरच्या लिलावात सरकारने कमाल दर ठेवला ४४ पौंड. समुद्री पवनऊर्जेसाठी बोली आल्या शून्य! त्याच वर्षी अमेरिकेत ऑर्स्टेडने न्यू जर्सीजवळचे दोन प्रकल्प सोडून दिले.

माझं मत विचाराल तर चूक दोन्ही बाजूंची. कंपन्यांनी स्वस्ताईची पैज लावली आणि सरकारने तोच भाव कायमचा धरला. पुढच्या वर्षी कमाल दर ७३ पौंड केला, तेव्हा कंपन्या परत आल्या. तरीही मे २०२५ मध्ये ऑर्स्टेडने २.४ गिगावॉटचा हॉर्नसी ४ प्रकल्प थांबवलाच.

आपल्याकडे? जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांजवळ प्रत्येकी ५०० मेगावॉटसाठी एकूण ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली. यातले बहुतेक पैसे कशासाठी? प्रकल्पाचा खर्च आणि परवडणारा वीजदर यांच्यातली दरी भरण्यासाठी. म्हणजे ब्रिटनचं दुखणं इथे पहिल्याच दिवशी हिशेबात धरलंय.

बाकी, मासेमारीच्या जाळ्यांचं काय, हा प्रश्न मोठा आहे. त्यावर वेगळा एपिसोड करतोय. भेटू!