लक्क्याची जोडी लावताना

साध्या पारव्याच्या शेपटीत पिसं असतात १२. लक्का कबुतराच्या पंख्यासारख्या शेपटीत ती ३० ते ४० पर्यंत भरतात. पिढ्यान्‌पिढ्या जोड्या निवडून लावणाऱ्या हौशी माणसांची ही करणी. ‘आईन-ए-अकबरी’त अबुल फझलने लक्क्याच्या ऐटीचं आणि घुमण्याचं कौतुक केलं आहे, इतका हा नाद जुना.

भारतीय लक्का अंगाने थोराड, डोक्यावर तुरा, पायांवर पिसं. विलायती लक्का लहान चणीचा, पाय उघडे, छाती इतकी पुढे काढतो की डोकं शेपटीला टेकतं. मला आपला देशी लक्काच देखणा वाटतो.

दुसऱ्या जातीशी संकर मात्र जपून करावा. डार्विनने पांढरे लक्के काळ्या जातीच्या कबुतरांशी जुळवले. त्यांच्या नातवंडांत एक पिल्लू निळसर राखाडी निघालं, पंखांवर दोन काळे पट्टे, हुबेहूब रानपारवा! सगळ्या पाळीव कबुतरांचा पूर्वज रानपारवाच, आणि संकरात तो असा पुन्हा डोकं वर काढतो.

लक्क्याची शोभा तीच त्याची अडचण. मीलनाच्या वेळी पिसारा आड येतो आणि अंडी वांझ जातात. म्हणून जाणते लोक जोडी लावण्याआधी शेपटीखालची पिसं कातरतात. मादी दोन अंडी घालते. दिवसाचा बराच वेळ नर बसतो, रात्रभर मादी. साधारण अठराव्या दिवशी पिल्लं बाहेर येतात. पहिले काही दिवस त्यांचं अन्न म्हणजे आईबापांच्या गळ्यातल्या पिशवीत तयार होणारं दाट ‘दूध’. ते नरही पाजतो, त्यामुळे या दिवसांत जोडी मुळीच फोडू नये.

खुराड्याचं दार रुंद हवं, नाहीतर शेपटी घासून झिजते. त्याला नीट उडता येत नसल्याने घरटी खालीच ठेवावीत. पायांवर पिसं असल्याने ओली जमीन देशी लक्क्याला सोसत नाही. महागड्या औषधांआधी जमीन कोरडी ठेवा. ज्वारी, बाजरी, मका, हरभरा यांच्या जोडीला शिंपल्यांचा चुरा हवाच. विष्ठेची धूळ माणसाच्या फुफ्फुसांना बाधते, तेव्हा झाडलोट करताना तोंडा-नाकाला मास्क लावा.

आणि हौस फिटली म्हणून लक्का मोकळा सोडू नका. त्या शेपटीमुळे त्याला धड उडता येत नाही. मांजर किंवा शिक्रा त्याला सहज पकडतो. सांभाळणं जमत नसेल, तर दुसऱ्या जाणत्या पाळणाऱ्याच्या हाती द्या.