फ्लॅशचे जोडधंदे!

हातखंबा तिठा. मुंबईची गाडी रत्नागिरीकडे वळली की समजायचं, चाकरमानी शिमग्याला आला! गळ्यात कॅमेरा, कॅमेऱ्याच्या डोक्यावर हा भलामोठा फ्लॅश. लख्ख उजेड पाडणं हा त्याचा मुख्य धंदा झाला. पण जोडधंदे माहीत आहेत का?

पहिला धंदा बॅटरीवाल्याचा. रात्री पालखीसमोर लेन्स घुर्र-घुर्र मागेपुढे करतेय, फोकस काही लागेना. अशात फ्लॅशच्या पुढच्या काचेतून लाल रेघांची नक्षी समोरच्याच्या सदऱ्यावर पडते. कॅमेऱ्याला पकडायला रेघ मिळाली की फोकस खट्ट! कोऱ्या भिंतीवर ऑटोफोकस का गडबडतो, कळलं?

मज्जा पुढेच आहे. बऱ्याच मॉडेल्सवर फ्लॅश उडणं बंद ठेवून नुसती ही लाल नक्षी वापरता येते. फुकटची बॅटरी! सोनीने तर २००१च्या एफ७०७ कॅमेऱ्यात यासाठी चक्क लेझर बसवला होता.

पण पालखी नाचतेय म्हणून 'कंटिन्युअस' फोकस लावलात? संपलं! बहुतेक डीएसएलआरमध्ये तेव्हा लाल दिवा पेटतच नाही. बऱ्याच मिररलेस कॅमेऱ्यांना तर त्या लाल नक्षीचं सोयरसुतकच नाही.

ब्रेक! चार पेन्सिल सेलचे मिळून ६ व्होल्ट, आणि फ्लॅशच्या पोटात होतात सुमारे ३००! ती बारीक 'कुंईं' ऐकलीत ना? तीच ही चढाई. उघडून बघायचा मोह टाळा.

दुसरा धंदा रंगाऱ्याचा. शिमग्याच्या होमाचा जाळ साधारण २००० केल्विन, फ्लॅश ५५००च्या आसपास. कारभार उलटा: आकडा जितका कमी, रंग तितका 'गरम'! म्हणून होमाशेजारी नुसता फ्लॅश मारला की चेहरे पांढरेफटक आणि जाळ भडक नारिंगी. उपाय? फ्लॅशवर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक कागद) चिकटवा, व्हाइट बॅलन्स ३२०० करा. दोघांची दिलजमाई!

भारीतले फ्लॅश तर उडताना आपल्या उजेडाचा रंग कॅमेऱ्याच्या कानात सांगतात. माहीत होतं?

आता खरी फजिती. लग्नघर, जांभ्याच्या चिऱ्यांची बिनगिलाव्याची भिंत. 'सॉफ्ट लाइट' हवा म्हणून तुम्ही फ्लॅश भिंतीकडे वळवून मारता, आणि नवरी, भटजी, अक्षता सगळं कोकम सरबतात बुचकळून काढल्यासारखं! फ्लॅशने कानात सांगितला तो घरून निघतानाचा रंग. वाटेत जांभ्याने काय फासलं, ते त्याला काय ठाऊक? अशा वेळी नवरीच्या हातात मिनिटभर ग्रे कार्ड (राखाडी पुठ्ठा) द्या, तसाच भिंतीवर फ्लॅश मारून फोटो घ्या आणि त्यावरून कस्टम व्हाइट बॅलन्स लावा.

कार्ड विसरलात? मग भटजींच्या पांढऱ्याशुभ्र धोतराकडे बघूही नका. त्याला नीळ दिलेली असते!