मोटारीच्या प्लगच्या तारा : निवड आणि निगा

सुरत हे तापीकाठचे सपाट शहर. चढ म्हणजे काय याचा अनुभव येथील मोटारीला येतो तो फार तर एखाद्या पुलाच्या तोंडाशी. त्यामुळे इंजिनातील कित्येक दोष येथे झाकलेले राहतात आणि लग्नकार्यासाठी कुटुंब धुळे-जळगावकडे निघाले, की नवापूर मागे टाकल्यावर कोंडाईबारीच्या घाटात नेमके डोके वर काढतात.

आमच्यावर हा प्रसंग एका ज्येष्ठात आला. वडिलांची जुनी पद्मिनी, मागच्या आसनावर वृद्ध आई, पावसाची पहिली सर, पाठीमागे मालमोटारींची रांग आणि चढावर इंजिनाचे गचके! आठच दिवसांपूर्वी प्लगच्या तारा नव्या घातल्या होत्या. म्हणून संशय गेला तो कार्ब्युरेटरवर, पेट्रोलवर. गाडी कडेला घेतली तोवर दिवेलागण झाली होती. एक मालमोटारचालक मदतीला उतरला. त्याने बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवावयास सांगितले आणि बोटाने दाखविले : एका तारेतून निळसर ठिणगी शेजारच्या धातूवर टिकटिक उडत होती. तार लांबीला तोकडी, म्हणून ताणून बसविलेली. तापलेल्या धातूला टेकून तिचे वेष्टन विरघळले होते. त्याने ती तार तात्पुरती दूर बांधून दिली आणि आम्ही कसेबसे घाट चढलो. दुकानदाराने ‘याने ठिणगी जोरदार पडेल’ असे सांगितले होते आणि तारांच्या लालभडक रंगाला व जाडीला मी भुललो होतो.

वास्तविक तार ठिणगीला जोर देत नाही. बॅटरीचा १२ व्होल्टचा दाब कॉइलमध्ये कित्येक हजार व्होल्टपर्यंत चढतो. तो दाब वाटेत न गळू देता डिस्ट्रिब्युटरमार्फत प्लगपर्यंत पोहोचविणे, एवढेच तारेचे काम. सपाट रस्त्यावर सिलिंडरमधील दाब बेताचा असतो, तेव्हा कमी व्होल्टमध्येही ठिणगी पडते. चढावर ॲक्सिलरेटर दाबला, की आत मिश्रण अधिक भरते, दाब वाढतो आणि प्लगच्या फटीतून उडी मारण्यास अधिक व्होल्ट लागतात. अशा वेळी वीज सोपी वाट शोधते आणि वेष्टन दुबळे असेल तेथून बाहेर पडते. सुरतेत शहाणी असलेली गाडी घाटात हट्ट करते, ती यामुळे.

सी. एन. जी.वर चालणाऱ्या गाड्यांनाही हेच कारण लागू पडते. वायू आणि हवेचे मिश्रण पेटविण्यास पेट्रोलपेक्षा अधिक व्होल्ट लागतात. पेट्रोलवर सुरळीत चालणारी गाडी वायूवर घेताच गचके देऊ लागली, तर वायूच्या संचाला दोष देण्यापूर्वी प्लग आणि तारा तपासाव्यात.

आता निवडीकडे वळू. पहिली गोष्ट तारेच्या गाभ्याची. जुन्या गाड्यांत तांब्याचा गाभा असे. त्यात विजेला रोध जवळजवळ नाही. परंतु प्रत्येक ठिणगी हे एक लहानसे प्रक्षेपण केंद्रच असते. मार्कोनीच्या काळातील बिनतारी यंत्रे ठिणगीवरच चालत. म्हणून तांब्याच्या तारेबरोबर प्लगच्या टोपीत रोधक बसवीत. तो नसेल तर गाडीतील रेडिओ खरखरतो. पुढे कार्बनचा किंवा बारीक गुंडाळलेल्या तारेचा रोधयुक्त गाभा आला. इंजिनाचे नियंत्रण संगणकाकडे असेल तेथे अशीच तार घ्यावी. तेथे साधी तांब्याची तार घातली, तर त्या खरखरीने संगणकाचीच दिशाभूल होऊ शकते. सारांश, निर्मात्याने जो गाभा दिला तोच घ्यावा.

दुसरी गोष्ट वेष्टनाची. साधे प्लॅस्टिक उष्णतेने मऊ पडते आणि कालांतराने तडकते; सिलिकोन रबर उष्णता पुष्कळ अधिक सोसते. सुरतेसारख्या दमट हवेत आणि डुमस-हजिरा बाजूच्या खाऱ्या वाऱ्यात सिलिकोनसाठी चार पैसे अधिक मोजणे शहाणपणाचे. मात्र सिलिकोन मऊ असल्याने कडेला घासून कापले जाते, हे ध्यानात ठेवावे.

तिसरी गोष्ट लांबीची व टोकांची. तार ताणलेली नसावी, लोंबकळतही नसावी. टोकाची रबरी टोपी प्लगवर घट्ट बसली पाहिजे, नाही तर पावसाचे पाणी आत शिरते. पद्मिनीला प्लगच्या चार तारा व कॉइलची एक, तर तीन सिलिंडरांच्या मारुती ८००ला प्लगच्या तीनच. म्हणून संच गाडीचे नाव व वर्ष सांगूनच मागावा. अनेक नव्या गाड्यांत तर प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते आणि अशा तारा नसतातच.

बसविताना जुनी एक काढावी, नवी एक घालावी. म्हणजे क्रम चुकत नाही. पद्मिनीत ठिणगीचा क्रम १-३-४-२ असा आहे. तिसरा आणि चौथा सिलिंडर शेजारी असून लागोपाठ पेटतात. म्हणून त्यांच्या तारा एकमेकींना चिकटून समांतर नेऊ नयेत, नाही तर एकीची वीज दुसरीत उमटते. तारा धारकात अलग बसवाव्यात. काढताना तार न ओढता टोपी धरावी.

परीक्षा घरीही करता येते. रात्री अंधारात, मोकळ्या हवेत इंजिन चालू ठेवून दुरून पाहावे. निळसर चमक दिसली किंवा टिकटिक ऐकू आली, तर तार गळते आहे. चालू इंजिनाच्या तारेला हात मात्र लावू नये. मिस्त्रीकडे मल्टिमीटर असतोच. लांब तारेचा रोध आखूड तारेपेक्षा थोडा अधिक असणे स्वाभाविक. परंतु तेवढ्याच लांबीच्या जोडीदारणीपेक्षा एखादीचा रोध फारच जास्त भरला, तर ती आतून तुटत आली असे समजावे. बदलायच्या तर सर्व तारा एकदम बदलाव्यात, कारण सर्वांनी ऊन-पाऊस सारखाच सोसलेला असतो.

परत आल्यावर आम्ही सिलिकोनच्या वेष्टनाचा, योग्य लांबीचा काळा संच घातला. दिसायला तो अगदी सामान्य. पुढच्या खेपेस कोंडाईबारी केव्हा सरली, हे मागे बसलेल्या आईला कळलेदेखील नाही.