ससाण्यांची वीण : प्रकाश आणि निवारा

डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचे पातळ होऊन अमेरिकेच्या पूर्व भागातील बहिरी ससाण्यांची वीण १९६० च्या दशकात थांबली. १९७० मध्ये टॉम केड यांनी कॉर्नेल विद्यापीठात या पक्ष्यांच्या बंदिस्त पैदाशीचे कार्य हाती घेतले. वाढत्या दिवसमानाने पक्ष्याची पीयूषिका ग्रंथी उद्दीपित होऊन जननग्रंथी वाढतात. ध्रुवीय प्रदेशातील ससाण्यांना दक्षिणेकडील वसंतातला दिवस अपुरा पडतो. तो दिव्यांनी लांबवावा लागतो. दालनाच्या भरीव भिंतींमुळे माणसांचा उपद्रव टळतो आणि उंचावरील खडीचा कट्टा कड्यावरील घरट्याची जागा घेतो. १९७३ मध्ये तेथे २० पिल्ले वाढली. डीडीटीवरील १९७२ च्या बंदीची जोड मिळून १९९९ मध्ये हा पक्षी अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीतून वगळण्यात आला.