हे कसं चालतं? : न थकणारी विक्रेती

मोबाईलवर लाइव्ह येऊन कापड विकणाऱ्याचा घसा तासाभरात बसतो. चीनमधल्या काही विक्रेत्या मात्र रात्रभर बोलतात, कारण त्या नुसतं चित्र असतात. आधी खऱ्या माणसाचं थोडं चित्रीकरण घेतात. कोणत्या उच्चाराला ओठ कसे हलतात, हे संगणक त्यातून शिकतो. मग गिऱ्हाईक लिहितं, ‘पन्हा किती?’ भाषेचं मॉडेल मालाच्या माहितीतून उत्तर जुळवतं, दुसरी प्रणाली त्याला आवाज देते, तिसरी त्यावर ओठ बसवते. कळसूत्री बाहुलीच म्हणा, फक्त एखादी दोरी गिऱ्हाइकाच्याही हाती! २०२५मध्ये एका चिनी प्रेक्षकाने हुकूम सोडला आणि विक्रेती चक्क म्याव म्याव करत सुटली.

१९०४मध्ये पहिला यंत्रमाग आणणाऱ्या इचलकरंजीला यंत्राचं वावडं नाही. पण पॉपलीन चिमटीत धरून पोत सांगणं या बाईला जमणार नाही. तो आधी कुणीतरी लिहून द्यायला हवा.