नदीच्या चित्राआधी जाळी पाहा

गोदावरी चढू लागली की मंचेरियलच्या सखल वस्त्यांत एकच प्रश्न असतो, "पाणी कुठवर येणार?" जुलै २०२२ च्या पुराने हा प्रश्न घराघरांत नेला. त्याच दिवसांत प्राणहितेकाठी सिरोंचा तालुक्यातही लोकांना घरे सोडावी लागली. अशा पुराचा हिशेब आता संगणकावर मांडतात आणि त्याची रंगीत चित्रे काढतात. चित्र देखणे असते, म्हणून ते पटकन खरेही वाटते. ते खरे की खोटे हे तपासायला आपल्या घरातली विज्ञान शाखेची मुले शिकू शकतात, तेही एक पैसा न खर्चता.

पूर्वी हे काम मातीपाण्यात होई. पुण्याजवळ खडकवासल्याला १९१६ सालापासूनची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे. तिथे नद्या, धरणे आणि बंदरे यांचे छोटे नमुने बांधून त्यांत पाणी सोडतात. अशा नमुन्यात रंग किंवा तरंगणारे कपटे टाकले की धार कुठे वळते, कुठे भोवरा होतो, ते डोळ्यांना दिसते. संगणकातले सॉफ्टवेअर हेच काम आकड्यांवर करते.

ठिपक्यांची रांगोळी आठवा. आधी ठिपके, मग रेषा. संगणकही नदीवर आणि काठावरच्या जमिनीवर असेच ठिपके मांडतो. चार ठिपक्यांमधली जागा म्हणजे एक घर. प्रत्येक घरात पाण्याची खोली, वेग आणि दिशा यांचे आकडे भरलेले असतात. या जाळीला ग्रिड म्हणतात.

ती उघडून पाहण्यासाठी 'पॅराव्ह्यू' हे मोफत सॉफ्टवेअर जगभर वापरले जाते. अमेरिकेतली किटवेअर ही कंपनी आणि लॉस अलामोस प्रयोगशाळा यांनी मिळून २००० साली त्याचे काम सुरू केले. सरावासाठी उदाहरणेही सोबत मिळतात. नवशिक्याची पहिली फजिती ठरलेली असते. फाइल उघडली तरी पडदा रिकामाच! डावीकडचे 'अप्लाय' बटण दाबल्याशिवाय काही दिसत नाही. ते दाबूनही दिसले नाही, तर फाइलच्या नावाशेजारचा डोळा मिटलेला आहे का, ते पाहावे.

मग रंगांच्या मागे धावू नये. आधी 'सरफेस विथ एजेस' निवडावे, म्हणजे जाळीच्या रेषा दिसतात. घरे कुठे बारीक आहेत, कुठे मोठी, कुठे वेडीवाकडी ताणलेली, ते न्याहाळावे. नंतर माहितीच्या चौकटीत एकूण घरे किती आणि सर्वांत लहान-मोठा आकडा कोणता, ते वाचावे. पाण्याची खोली उणे आली, किंवा एकाच घरात वेग सेकंदाला चाळीस मीटर निघाला, तर हिशेबात कुठेतरी चूक आहे हे समजावे. एवढे झाल्यावर जाळी कापून आतले पाहावे, बाण काढावेत, प्रवाहरेषा सोडाव्यात.

दोन ठिकाणी हमखास फसगत होते. पहिली घराच्या मापाची. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर यानाने ११ दिवसांत पृथ्वीच्या उंचसखलपणाची मोजणी केली. त्या मोजणीचा ३० मीटरच्या घरांचा नकाशा आज मोफत मिळतो. पण दहा मीटर रुंदीचा नाला किंवा गावाचा बांध ३० मीटरच्या घरात हरवून जातो. मग नाल्यातून उलटे चढणारे पाणी चित्रात दिसतच नाही, आणि बुडणारी गल्ली कोरडी दिसते.

दुसरी फसगत रंगांची. कालच्या चित्रात लाल म्हणजे दोन मीटर पाणी आणि आजच्यात लाल म्हणजे अर्धा मीटर, असे होऊ शकते. रंगांची पट्टी सारखी असल्याशिवाय दोन चित्रांची तुलना करू नये.

शिकायची सोयही आहे. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात प्रवाहाचे गणित करणाऱ्या 'ओपनफोम' या मोफत सॉफ्टवेअरचे धडे आहेत. त्यांत उत्तर पॅराव्ह्यूमध्ये कसे पाहायचे तेही दाखवतात. रोज तासभर बसले तर या गोष्टी हळूहळू हाताखालून जातात.

मात्र पूर दाराशी आला असताना घरच्या चित्रावर विसंबू नये. तेव्हा प्रशासनाची सूचनाच ऐकावी. हे शिक्षण त्याआधीच्या दिवसांसाठी आहे. उद्या कुणी नकाशा दाखवून म्हणाले, "तुमच्या वस्तीत पाणी येणार नाही," तर आपल्या मुलीने उठून विचारावे, "साहेब, यातले एक घर किती मीटरचे? आमचा नाला यात कुठे आहे?"